बिनलेबलाचे डबे

नणंद आली ती रिकामी बॅग घेऊन. भरलेली बॅग जिना चढताना कण्हते, पायरीपायरीला टेकते, दम खाते. ही मात्र भिंतीवर टकटक आपटत हलकीफुलकी वर आली. दार उघडायच्या आधीच कानवालीला कळलं की आत काही नाही. आणि माहेरी रिकामी बॅग घेऊन येणारी बाई काही द्यायला येत नाही.

न्यायला त्या घरात होतं तरी काय? दोन खोल्या आणि चार तऱ्हेच्या चार खुर्च्या. नणंदेला नेण्याजोगं एकच होतं, आणि ते खिडकीपाशी बसून सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होतं.

"बाबा, चला. तुमचे कपडे कुठे असतात?" नणंद दारातूनच म्हणाली.

"वन्सं, बसा तरी आधी," कानवाली म्हणाली. "चहा टाकते."

"बसायला नाही आले मी. आणि चहा नको तुझा. कुठल्या सवलतीतला असेल कुणास ठाऊक."

म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, लेकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि पुन्हा काढून पुसायला घेतला.

तिला कानवाली हे नाव मिळालं होतं मोठ्या दुकानाच्या मागच्या दाराशी. आठवड्यातून एकदा तिथं खोकी निघत. वाटेत भिजलेली, चेपलेली, लेबलं गळून पडलेली डबाबंद खाण्याची खोकी. कुठल्या डब्यात काय आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसे, म्हणून पाव किमतीत द्यायचा. घ्या आणि जा, परत आणू नका. बाकीची गिऱ्हाइकं नशिबावर हवाला ठेवून पिशव्या भरत. ही एकेक डबा हातात घेई, अंगठ्यानं त्याचं पोट दाबून बघे. फुगलेला असला तर विंचू दिसल्यासारखा लांब सारे. बाकीचे कानाशी नेऊन हळूच हलवे, डोळे मिटून, निजलेल्या बाळाचा श्वास ऐकावा तशी. मग म्हणे, "मका." म्हणे, "हे नासपतीचे काप, पण पाक पातळ आहे." पोरं हसत, दुकानदार हसे, आणि घरी जाऊन डबा उघडला की मकाच निघे.

हे शिकवलं होतं सासऱ्यांनी. त्यांचा जन्म गोदामात माल उतरवण्यात गेला होता. पाठीवरच्या खोक्यात काय आहे ते त्यांना पाठीलाच कळायचं. मुलगा गेला, तेव्हा ही सून अशी मुकी झाली की दिवसचे दिवस घरात फक्त नळ बोलायचा. एका दुपारी म्हाताऱ्यानं तिच्या हातात एक बिनलेबलाचा डबा ठेवला. "ऐक," म्हणाले. "हा तुझ्यापेक्षा जास्त बोलतो." आणि हातानं ताल धरून स्वतःच रचलेल्या ओळी म्हणून दाखवल्या:

वाटाणा बोले बारीक, मका बोले भरभर,
पीच बाई डुलत येते पाण्याच्या कडेवर.
टोमॅटो तो रडतराव, नाक त्याचं ओलं,
आटीव दूध मुकं मुकं, कधी नाही बोललं.

त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी हसली. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत थाटाचं राहणं सुरू झालं. थाट म्हणजे थाटच! बंद पडलेल्या हॉटेलचे पडदे मिळाले, जड, मखमली, कडेला थोडे विरलेले. तिनं विरलेली कड आत घेतली आणि खोलीला राणीच्या महालाची संध्याकाळ आली. फुलवाला दुकान बंद करताना जी फुलं फेकणार, ती हिच्या फुलदाणीत आणखी दोन दिवस जगत. जेवणाला टेबलावर इस्त्रीचं कापड, मांडीवर रुमाल, आणि मधोमध बिनलेबलाचा डबा. उघडायच्या आधी दोघांनी ओळखायचं. हरेल त्यानं भांडी घासायची. म्हातारा मुद्दाम हरायचा, आणि तिला ते कळायचं, आणि ती बोलायची नाही.

तेच टेबल आता दोघींच्या मध्ये होतं.

"दोन दिवस उलट्या होत होत्या बाबांना," नणंद म्हणाली. "मला कुणाकडून कळतं? खालच्या वॉचमनकडून! तू एक फोन करू शकली नाहीस?"

"उतार पडला होता. उगाच तुम्हाला घोर कशाला."

"घोर? विष घालून माणसाला आडवं करायचं आणि वर म्हणायचं घोर कशाला!"

कानवालीच्या कानशिलांत चरचरलं. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. पोट का बिघडलं ते तिला ठाऊक होतं. ती बाजारात गेली असताना म्हाताऱ्यानं पीचचा अख्खा डबा एकट्यानं संपवला होता, पाकासकट. रिकामा डबा कचऱ्यात वर्तमानपत्राच्या घडीखाली सापडला. तिनं काहीच विचारलं नव्हतं. एवढ्या वयाच्या माणसानं लहान पोरासारखी चोरी करावी आणि ती आपल्याला दिसावी, यात त्याची लाज आपण राखायची, एवढं तिला समजत होतं. पण आता? आता त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. नुसतं, "पोरी, मी खाल्ले गं." म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. तिथं समोरच्या इमारतीची भिंत होती, आणि त्या भिंतीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"विचारा की त्यांनाच," कानवाली म्हणाली.

"बाबा, काय खाल्लं होतं?"

"आता काय ते," म्हातारा पुटपुटला. "झालं ते झालं."

"बघ! तुझ्यासमोर बोलायची सोय नाही त्यांना." नणंद फणकाऱ्यानं स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं फळीवर डबे होते, बिननावाचे, चकचकीत, ओळीनं उभे. "ही बघा हिची कधी न संपणारी रांग! यातला कुठला वाटाणा आणि कुठलं उंदराचं औषध, देवालाच ठाऊक. माझे वडील म्हणजे काय उकिरडा वाटला तुला? दादा असता तर..."

"त्यांचं नाव काढू नका."

"काढणार. माझा भाऊ होता. आणि हे माझे वडील आहेत. तुझं इथं कोण आहे? नवरा होता तोवर सून. आता तू कोण यांची?"

हे बोलणं सरळ आतपर्यंत गेलं. हाच प्रश्न कानवाली स्वतःला कधी कधी विचारायची आणि मग उठून पडदे झटकायची. उत्तर नसलं की माणूस ज्यात पक्का आहे त्याचाच आधार घेतो. तिनं फळीवरून एक डबा उचलला.

"यात काय आहे ते मला ठाऊक नाही म्हणता?"

"कुणालाच ठाऊक नाही."

"तुम्ही काढा. हवे ते तीन डबे. तुमच्या हातानं. मी हलवून सांगते आत काय ते, तुम्ही उघडा. एक जरी चुकला..." तिचा श्वास वर गेला, आणि बोलणं त्याच्याही पुढे निघून गेलं. "एक जरी चुकला तर घेऊन जा त्यांना. आणि तिन्ही बरोबर आले तर ही बॅग रिकामी परत न्या, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

खिडकीपाशी चष्मा पुसणारा हात थांबला. दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

"कबूल," नणंद म्हणाली.

पहिला डबा तिनं फळीच्या टोकाचा उचलला, चेपलेला. कानवालीनं कानाशी धरला. नुसतं मनगट हललं. आत बारीक, दाट, घाईघाईची कुजबुज झाली, शाळा सुटल्यावर पोरं दाराशी गर्दी करतात तशी. "मका."

नणंदेनं डबा उघडला. पिवळेधमक दाणे.

दुसरा मधल्या ओळीतला. कानवालीनं एकदा हलवला, पुन्हा हलवला. काही नाही. तिसऱ्यांदा उलटा केला आणि वाट पाहिली. खूप उशिरानं आत काहीतरी सावकाश कुशीवर वळलं. "आटीव दूध."

उघडला. दूधच होतं. नणंदेच्या कपाळावरची शीर उडायला लागली. तिनं तिसरा डबा लगेच काढला नाही. ती खाली वाकली, सगळ्यांत खालच्या ओळीपर्यंत, आणि एक डबा हातात घेऊन हलवला. ठेवला. दुसरा घेतला, हलवला, मान कलती करून ऐकलं. ठेवला. तिसरा घेतला.

तेव्हा कानवालीचं लक्ष तिच्या मानेकडे गेलं. ती मान कलती करण्याची तऱ्हा! अगदी म्हाताऱ्याची. या बाईलाही ऐकू येतं. या बाईनं बालपणभर हेच ऐकलं आहे. आणि खालची ओळ, खालची ओळ तर...

"हा घे," नणंद म्हणाली, आणि ती पहिल्यांदाच हसली.

हलवायची गरजही नव्हती. हातात घेताच डब्याचं वजन एका बाजूला गेलं. आत एकच गोळा होता, चिकट, थबथबीत. हलवला की थप्प करून आदळणारा आणि मग गप्प. कुत्र्याचं खाणं. खोक्यात चारदोन डबे असे यायचेच. ती ते खालच्या ओळीत ठेवायची आणि वॉचमनच्या कुत्र्याला घालायची. हे या घडीला कोण खरं मानणार? खरं नाव सांगावं तर याच फळीवर, यांच्या जेवणाशेजारी कुत्र्याचं खाणं ठेवलं, हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. दुसरं काही सांगावं तर म्हातारा गेला.

"सांग ना," नणंद म्हणाली. "कान बसले का?"

"कुत्र्याचं आहे," कानवाली म्हणाली.

खटकन झाकण निघालं. वास खोलीभर पसरला, मखमली पडद्यांपर्यंत गेला. नणंदेनं डबा टेबलावर, इस्त्रीच्या कापडावर आपटला.

"ऐकलंत बाबा? स्वतःच्या तोंडानं म्हणतेय! हाच आवाज. झोपेतून उठवा, ओळखीन मी." तिचा आवाज चिरकला. "माझा वाढदिवस होता. पाच मैत्रिणी आल्या होत्या. तुम्ही डबा हलवलात आणि मोठ्या ऐटीत म्हणालात, पोरींनो, अननस! आणि उघडलात तर हे. आणि तुम्ही हसलात, बाबा. पोट धरून हसलात. मला त्या शाळा संपेपर्यंत भू भू म्हणत होत्या. मी शपथ घेतली होती की नाव लिहिलेलं नसेल ते माझ्या घरात शिरणार नाही. आणि ही बाई, ही तुम्हाला म्हातारपणी हेच खायला घालते!"

"वॉचमनच्या कुत्र्यासाठी आहे ते! विचारा त्याला. मिटक्या मारत खातं ते कुत्रं, त्याला विचारा!"

"कुत्र्याची साक्ष काढ आता!"

"पीच," म्हातारा म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या. त्यानं चष्मा लावला होता.

"मी पीच खाल्ले. ही बाजारात गेली होती. अख्खा डबा खाल्ला, पाकासकट. ओकलो ते त्यानं. हिनं निस्तरलं सगळं आणि एका शब्दानं विचारलं नाही." मग लेकीकडे वळून म्हणाला, "त्या दिवशी हसायला नको होतं मी. मला वाटलं मी हसलो तर तुम्ही पोरीही हसाल आणि निभावून जाईल."

नणंद मटकन खुर्चीवर बसली. आधी जिच्यावर बसायला तयार नव्हती त्याच खुर्चीवर. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. कानवालीनं ते पाहिलं, आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण जिंकण्याची चव भारी. वर्षानुवर्षं दुकानाच्या दाराशी तीच चव तिला घरी घेऊन यायची.

"तिन्ही बरोबर आले," ती म्हणाली. "आणि विषही घातलं नाही. बॅग उचला वन्सं. पैज माझी."

"हो बाई," नणंद म्हणाली. "ठेव तुझ्याकडे. जिंकलीस तू."

म्हातारा उठला. त्यानं कपाटाचं दार उघडलं, दोन सदरे काढले, पायजमे काढले, आणि त्या रिकाम्या बॅगेत नीट घडी करून ठेवू लागला.

"बाबा? हे काय करताय? मी जिंकले."

"पाहिलं की. माझ्या डोळ्यांदेखत झालं." त्यानं मोजे ठेवले. "तुम्ही दोघींनी मला मध्ये ठेवलंत आणि डबे हलवलेत. मला कुणी हलवून पाहिलं? मी कुठल्या ओळीतला, वरच्या की खालच्या, ते तरी सांगायचं."

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून झालं हे!" कानवाली ओरडली. तिला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "माझ्यावर विष घातल्याचा आळ येतोय आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून भिंत बघताय! मी काय करणार होते?"

"चुकलो. पीच चोरून खाणारा म्हातारा आहे मी, भित्रा आहे. ते माझ्या माथी." त्यानं बॅगेची चेन ओढली. "पण मी नुसते पीच चोरले. तू मला पणाला लावलंस."

मग तो दारापाशी स्टुलावर बसला आणि बूट घालू लागला. नाड्या बांधायला त्याला वेळ लागे. रोज तीच बांधून द्यायची. आज ती जागची हलली नाही.

"जा मग," ती म्हणाली. "चार दिवस जाऊन या. हवापालट होईल."

तो नाडी ओवत राहिला.

"बरं, आठ दिवस. महिनाअखेरीला मी न्यायला येते. वन्संच्या घरात करमणार नाही तुम्हाला, तिथं सगळं वर लिहिलेलं असतं."

दुसरा बूट.

"दोन दिवस इथं, पाच तिथं, असं करू. नाहीतर तीन इथं. तुम्ही म्हणाल तसं. भांडी मी घासेन, हरले तरी, जिंकले तरी."

नणंद खाली मान घालून बसली होती. म्हाताऱ्यानं बुटावरून नजर उचलली आणि सुनेकडे बघत राहिला, वाट बघावी तसा. कानवालीला कळत होतं की तो कशाची वाट बघतो आहे. एकच शब्द होता. पण जन्मात तिनं कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात पूर्ण किंमत मोजली नव्हती, आणि जीभ पुन्हा पुन्हा निम्म्यावरच यायची. तो उठला. दार उघडलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"राहा," ती म्हणाली.

तो थांबला.

"राहा बाबा. मी तुमची कोण ते मला माहीत नाही. पण राहा. मला तुम्ही हवे आहात."

म्हाताऱ्याची पाठ तिच्याकडे होती, गोदामानं वाकवलेली.

"हे आधी म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर बूटसुद्धा घातले नसते. आता नाही. आता थांबलो, पोरी, तर तुला स्वस्तात पडेन."

तो उतरू लागला. नणंद बॅग घेऊन त्याच्या मागून निघाली. दारातून जाताना तिनं कानवालीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जिंकल्याची खूण नव्हती. जे न्यायला आलो ते हातात आलं आणि आता त्याचं करायचं काय, अशी ती नजर होती. भरलेली बॅग पायरीपायरीला टेकत खाली गेली.

कानवाली कठड्यावरून वाकली. खाली वळणावर नणंद त्याचा उजवा दंड धरून, त्याच्या कानाशी काहीतरी विचारत होती. पुन्हा विचारत होती. म्हातारा मान डोलवत होता. काहीच कळलं नाही की तो असाच मान डोलवायचा.

"त्या बाजूनं नको!" कानवाली ओरडली. जिना घुमला, खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं. "डावीकडून बोला त्यांच्याशी! उजव्यानं काही ऐकू येत नाही त्यांना! आणि त्यांनी हो म्हटलं तर पुन्हा विचारा, उगाच हो म्हणतात ते!"

"माझे वडील आहेत!" नणंद खालून तितक्याच जोरात ओरडली. "मला माहीत आहे!"

मग तिनं बॅग या हातातून त्या हातात घेतली, दोन पायऱ्या खाली उतरली, आणि त्याच्या डाव्या अंगाला गेली.